नगरपरिषदेची चार वर्षांची फेरआकारणी वर्षभर पुढे ढकलावी का?

घरपट्टीचा हिशेब (धागा सुरू करणारा; पुढची नावंही धाग्यात लिहिणाऱ्यांचीच)

घरपट्टीची चार वर्षांनी होणारी फेरआकारणी आली, सर्वेक्षण करणाऱ्या एजन्सीची माणसं घरं मोजून गेली, कलम ११९ च्या (आकारणीवर हरकती मागवणाऱ्या) नोटिसा वाटल्या की नगरपरिषदेच्या सभेपुढे बहुतेक वेळा एक ठराव येतोच: यंदाची आकारणी वर्षभर पुढे ढकलावी. माझा या ठरावाला विरोध आहे. का, ते आकड्यांत मांडतो.

करयोग्य मूल्य वेगळं आणि कराचा दर वेगळा. मूल्य म्हणजे घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल तो अंदाज, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा. दर मात्र सभा ठरवते. समजा, गावाचं एकूण करयोग्य मूल्य १० कोटी आणि दर २४ टक्के. मागणी झाली २ कोटी ४० लाख. फेरआकारणीत मूल्य १६ कोटींवर गेलं. तेवढीच मागणी हवी असेल तर दर १५ टक्के पुरतो. आता तीन घरं घ्या.

बाजारपेठेजवळचं घर: मूल्य १२,००० वरून १९,२००. कर आधी २,८८०, आता २,८८०. फरक शून्य.
बायपासलगतच्या नव्या लेआउटमधला बंगला: १०,००० वरून २५,०००. कर २,४०० वरून ३,७५०.
जुन्या पेठेतला वाडा: १५,००० वरून १८,०००. कर ३,६०० वरून २,७००.

आकारणी पुढे ढकलली तर त्या वर्षी वाड्याचा मालक ९०० रुपये जास्त भरत राहतो आणि बंगलेवाला १,३५० रुपये कमी. म्हणजे 'बोजा टाळला' हे खरं नाही. ज्यांच्या जागेची किंमत वाढली नाही त्यांनी ज्यांची वाढली त्यांचा वाटा उचलला, एवढंच. जुन्या पेठेतून सभेत बोलायला कमी लोक येतात, त्यामुळे ही बाजू कुणी मांडत नाही.

मोजपट्टी

हिशेब बिनचूक आहे, पण दोन गोष्टी गृहीत धरून: यादी बरोबर आहे आणि सभा दर खरंच खाली आणेल. दर २४ टक्केच राहिला तर तुमच्याच उदाहरणातल्या १९,२०० च्या घराला ४,६०८ रुपये कर येतो, म्हणजे थेट ६० टक्के वाढ. पण आधी यादीबद्दल बोलतो, कारण खरं दुखणं तिथे आहे.

एजन्सीच्या ड्रोनने वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. पत्र्याचा छज्जा, पावसाळी शेड, जिन्यावरचं आच्छादन, गोठा, सगळं एकाच बाह्यरेषेत येतं. पुढे घरोघरी जाणाऱ्या माणसाने टेप लावून ती रेषा दुरुस्त करायची असते. त्याला मालमत्तेमागे मोबदला मिळत असेल तर तो टेप लावत नाही, ड्रोनचाच आकडा भरतो.

याचा परिणाम किती होतो बघा. घर ६० चौरस मीटरचं, भाड्याचा दर महिना २० रुपये प्रति चौरस मीटर. ६० × २० × १२ = १४,४००, त्यातून १० टक्के वजा जाता १२,९६०. छज्जा धरून क्षेत्र ७२ लागलं तर मूल्य १५,५५२. २४ टक्के दराने फरक वर्षाला ६२२ रुपये, चार वर्षांत जवळपास अडीच हजार. हे फक्त मोजणीचं. बांधकामाचा प्रकार चुकला (भिंतींवर उभ्या लोडबेअरिंग घराला सिमेंट-लोखंडाचं आरसीसी लावलं), वय चुकलं (१९८५ च्या घराला नूतनीकरणाचं वर्ष टाकलं आणि घसारा, म्हणजे वयानुसार मिळणारी घट, गेला), वापर चुकला (बंद दुकानाचा गाळा आता राहण्याची खोली आहे, यादीत व्यावसायिक), तर फरक दुप्पट-तिप्पट होतो. कार्पेट (आतलं क्षेत्र) की बिल्टअप (भिंतींसह) हा घोळ वेगळाच. एका वॉर्डात आतून मोजलं आणि दुसऱ्यात बाहेरून, तर दोन्ही वॉर्डांची तुलनाच करता येत नाही.

अशी यादी एकदा प्रमाणित झाली की ती चार वर्षं चालते. चुकीच्या नव्या यादीपेक्षा जुनी यादी एक वर्ष आणखी चाललेली परवडते. म्हणून मी पुढे ढकलण्याच्या बाजूने आहे.

कलमवाचक

मुळात सभेला हा अधिकार आहे का? महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ प्रमाणे आकारणी यादी दरवर्षी नव्याने करायची गरज नाही, पण चार वर्षांत किमान एकदा तिची पूर्ण फेरतपासणी झालीच पाहिजे. कायद्याने घातलेली मुदत सभेच्या ठरावाने वाढत नाही. असा ठराव झाला तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात.

मुंबईचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे भांडवली मूल्यावर (भाड्याऐवजी मालमत्तेच्या किमतीवर) कर २०१० पासून आहे आणि दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचं असतं. करोनाच्या काळात २०२० ची सुधारणा लांबली, पण ती लांबवण्यासाठी राज्याला महापालिका अधिनियमातच दुरुस्ती करावी लागली. महापालिकेच्या ठरावाने ते झालं नाही. तेव्हा "मुंबईने ढकलली, आपणही ढकलू" हा युक्तिवाद नगरपरिषदेला लागू पडत नाही.

जमाखर्च

पैशांची बाजू राहिली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी शहरी संस्थांच्या अनुदानाला मालमत्ता कराची अट घातली: आधी राज्याने कराचे किमान दर अधिसूचित करायचे आणि नंतर करवसुलीतली वाढ राज्याच्या सकल उत्पादनाच्या (जीएसडीपी) मागच्या पाच वर्षांच्या सरासरी वाढीशी जुळली पाहिजे. मागणी जागच्या जागी राहिली तर वसुली दरवर्षी वाढणार कुठून? पहिली दोन वर्षं थकबाकी उकरून आकडा गाठता येतो, पण तो साठा संपतो. सांडपाणी, घनकचरा, पाणी यांची कामं अशाच अनुदानावर चालतात. ढकलण्याचा ठराव मांडणाऱ्याने त्यासोबत ही तूट कुठून भरणार तेही लिहून द्यावं.

आणि १५ टक्के दराबद्दल: किमान दराची मर्यादा आड येत असेल तर तिथपर्यंत उतरता येणार नाही. सभेपुढे जाण्याआधी लेखापालाकडून दोन आकडे मागा. मागणी तेवढीच ठेवणारा दर कोणता आणि आपल्याला परवानगी असलेला सर्वात कमी दर कोणता. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे खरी करवाढ. चर्चा त्या अंतरावर व्हावी.

घरपट्टीचा हिशेब

मोजपट्टी, तुम्ही दाखवलेल्या चुका खऱ्या आहेत. पण त्या दुरुस्त करायची जागा कायद्यातच आहे: हरकत आणि सुनावणी. यादी प्रसिद्ध झाली की हरकतीला मुदत मिळते, प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी सुनावणी घेतो (हा बहुधा नगररचना विभागाचा असतो, नगरपरिषदेचा नोकर नसतो), आणि त्यानंतरच यादी प्रमाणित होते. एक वर्ष पुढे ढकलून काय होतं? एजन्सीचं बिल निघतं, तिची माणसं दुसऱ्या गावी जातात, ड्रोनचा नकाशा शिळा होतो आणि पुढच्या वर्षी तीच चुकीची यादी तशीच प्रसिद्ध होते.

मोजपट्टी

हरकतीवर विसंबून राहण्यात मोठा दोष आहे. हरकत तोच घेतो ज्याला नोटीस वाचता येते, सुनावणीच्या दिवशी मजुरी बुडवून येता येतं आणि स्वतःचं क्षेत्र मोजता येतं. ज्याचं क्षेत्र कमी लागलं तो कधीच हरकत घेत नाही. म्हणजे सुनावणीत चुका फक्त एका बाजूच्या दुरुस्त होतात. विधवा बाईच्या पत्र्याच्या घराला लागलेला छज्जा यादीत तसाच राहतो आणि गावातल्या मोठ्या मंगल कार्यालयाचा न मोजलेला मागचा हॉलही तसाच राहतो.

म्हणून यादी प्रसिद्ध करण्याआधी तपासणी हवी. प्रत्येक वॉर्डातून चिठ्ठी टाकून शंभरातली पाच घरं निवडा. नगरपरिषदेचा अभियंता आणि करनिरीक्षक दोघांनी टेपने मोजावीत, एजन्सीचा आकडा आधी न बघता. दहातल्या एकापेक्षा जास्त घरांत क्षेत्राचा फरक १० टक्क्यांवर गेला तर तो वॉर्ड एजन्सीने स्वखर्चाने पुन्हा मोजायचा. ही अट निविदेत नसेल तर अंतिम देयक रोखण्याचा अधिकार तरी असतोच. या कामाला तीन-चार महिने लागतात. १ एप्रिलच्या आत होणार नसेल तर पुढे ढकला, पण ठरावात हे काम, मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहून. नुसतं 'नागरिकांच्या भावना लक्षात घेऊन' असा ठराव झाला तर मीही त्याच्या विरोधात आहे.

आणखी एक. सर्वेक्षणात सापडलेल्या नोंद नसलेल्या मालमत्ता चालू यादीत मध्येच घालता येतात, त्यासाठी फेरआकारणीची वाट बघावी लागत नाही. वाढीव उत्पन्नाचा बराच भाग तिथूनच येतो. वित्त आयोगाच्या अटीची भीती एवढी मोठी नाही.

जमाखर्च

मध्येच घातलेल्या मालमत्तेला भाड्याचा दर कोणता लावणार? आजचा लावला तर शेजारच्या जुन्या फ्लॅटवाल्यापेक्षा नव्या फ्लॅटवाल्याला जास्त कर येतो, एकाच मजल्यावर, एकाच क्षेत्राला. जुना लावला तर उत्पन्नाचा तुमचा अंदाज खाली येतो. यादी जितकी जुनी, तितका हा भेद रुंद. फेरआकारणी लांबली की या तक्रारी वाढत जातात.

शिवाय अनधिकृत बांधकामाचा प्रश्न येतो. नोंद नसलेल्या घरांत परवानगी नसलेली घरं बरीच असतात, आणि त्यांना कराशिवाय शास्ती (दंड) लागू शकते. ती रक्कम मागणीत दिसते, वसुलीत येत नाही. मागणीचा आकडा फुगतो आणि वसुलीची टक्केवारी पडते. तेव्हा 'नवीन मालमत्तांतून एवढे कोटी' असा आकडा कुणी सभेत सांगितला तर त्यातली शास्ती वजा करून सांगायला लावा.

गाळाधारक

इथे सगळे घरांबद्दल बोलताहेत. दुकानगाळ्यांना फेरआकारणीचा फटका वेगळ्या वाटेने बसतो. घरपट्टीच्या बिलातच राज्याचा शिक्षण कर आणि बिगरनिवासी जागांना रोजगार हमी कर असतो. शिक्षण कराचे टप्पे करयोग्य मूल्यावर ठरलेले आहेत आणि बिगरनिवासीला निवासीपेक्षा जड आहेत. मूल्य वाढलं की टप्पाही वर सरकू शकतो. सभेने नगरपरिषदेचा दर उतरवला तरी राज्याचे हे कर उतरत नाहीत, कारण ते सभेच्या हातात नाहीत. म्हणजे 'मागणी तेवढीच' हा हिशेब नगरपरिषदेपुरता खरा, माझ्या बिलापुरता नाही. धाग्याच्या सुरुवातीच्या तीन उदाहरणांत ही ओळ घातली तर फरक शून्य असलेलं घरसुद्धा थोडं वर जाईल.

जुन्या भाडेकरूंच्या इमारतींचंही बघा. भाडे नियंत्रणाखालच्या जागेचं वार्षिक मूल्य प्रमाण भाड्याच्या (भाडे कायद्याने ठरणाऱ्या भाड्याच्या) वर धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये देवान दौलतराय कपूर खटल्यात सांगितलेलं आहे. एजन्सीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र झोनचा एकच दर सगळ्यांना लागतो. अशा इमारतींची वेगळी यादी झालेली नसेल तर फेरआकारणी तयार आहे असं म्हणता येणार नाही.

घरपट्टीचा हिशेब

शिक्षण कराची ओळ माझ्या हिशेबात घालायला हवी, मान्य. पण तिचा उपाय ढकलणं नव्हे, कारण चार वर्षांऐवजी पाच वर्षांनी आकारणी केली तर मूल्याची उडी आणखी मोठी होईल. उडी मोठी होऊ द्यायची नसेल तर वाढीला मर्यादा घाला. मुंबईत २०१५ च्या सुधारणेच्या वेळी आधीच्या करापेक्षा ४० टक्क्यांहून जास्त वाढ होणार नाही अशी कायद्यातच मर्यादा होती. नगरपरिषदांसाठी अशी टप्प्याटप्प्याची वाढ राज्याकडे मागावी.

कलमवाचक

मर्यादा मागताना एक धोका लक्षात ठेवा. ती मूल्यावर घातली तर बंगलेवाल्याचं मूल्य वर्षानुवर्षं बाजारभावाच्या मागे राहतं आणि वाड्याचा फायदा मर्यादेतच अडकतो. मर्यादा बिलावर हवी, यादीवर नको. यादीत खरं मूल्य येऊ दे, सवलत बिलात वेगळ्या ओळीत दाखवा आणि ती दरवर्षी कमी करत आणा.

पूर्वलक्षी आकारणी टाळा, हेही सांगतो. मुंबईच्या भांडवली मूल्याच्या नियमांपैकी २०, २१ आणि २२ हे नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तेच कायम केलं. न वापरलेल्या चटईक्षेत्राचं (बांधता येईल पण अजून बांधलेलं नाही अशा क्षेत्राचं) मूल्य धरणं आणि मागच्या तारखेपासून नियम लावणं, दोन्ही टिकलं नाही. वर्षभर ढकलून नंतर त्या वर्षाचा फरक वसूल करू, असा विचार कुणी करत असेल तर तो इथेच सोडावा.

मोजपट्टी

बिलावर मर्यादा ही सूचना चांगली आहे, पण तिला राज्याची मंजुरी लागेल आणि ती १ एप्रिलच्या आत येईल असं धरून चालता येत नाही. माझी अट क्रमाची आहे. आधी वॉर्डनिहाय तपासणीचा अहवाल सभेपुढे, मग दर ठरवणारा ठराव, मग यादी प्रमाणित. यादी आधी प्रमाणित झाली आणि दराचा विषय 'पुढील सभेत घेऊ' म्हणून राहिला तर त्या वर्षाची बिलं जुन्याच दराने छापली जातात.

दरम्यान नोटीस हातात पडलेल्यांनी ठरावाची वाट बघू नये. पुढे ढकलणार अशी चर्चा असते तेव्हा हरकतीची मुदत चालूच असते. नोटिशीतलं क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वर्ष, वापर आणि झोन या पाच गोष्टी स्वतः तपासा. अर्जासोबत जुन्या असेसमेंट उताऱ्याची प्रत, बांधकाम परवाना किंवा पूर्णत्वाचा दाखला, हाताने काढलेला मोजमापाचा नकाशा आणि छज्जा-शेडचे फोटो जोडा. आकडे चौरस मीटर की चौरस फूट ते लिहा, एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदतीत हरकत घेतली नाही तर पुढे बिलाविरुद्धचं अपीलही अडू शकतं, आणि अपिलात आधी बिलाची रक्कम भरावी लागते.