अनुभव धागा: स्पितीतलं मुद, पावसाळ्यात जावं की नाही?

हिमाचलात स्पितीच्या पिन व्हॅलीतल्या मुद गावाला कधी जावं हे दर जूनमधे कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून म्हटलं एकदाच सगळ्यांचे अनुभव गोळा करू. सुरुवात माझ्यापासून. पंधरा ऑगस्टला जोडून रजा टाकली, शिमला-किन्नौर-काझा आणि तिथून मुद. आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे ताम्हिणी, त्यामुळे पोंचो, छत्री, प्लास्टिकच्या पिशव्या सगळं कोंबून नेलं, आणि मुदला चार दिवस कडकडीत ऊन, ओठ फुटले, नाकाचं सालपट निघालं. स्पिती पर्जन्यछायेत, ढग डोंगराच्या अलीकडेच रिकामे होतात. पण रिकामे होतात कुठे, तर नेमके आपल्या रस्त्यावर! परतताना खाली किन्नौरमधे दरड आली, दोन दिवस गाडीतच. जेसीबी दगड ढकलतोय, वरून पुन्हा तेवढेच येतायत. शेजारी एक ट्रक उभा, त्यात मटारची पोती. दुसऱ्या दुपारी त्यातून आंबूस वास यायला लागला, ड्रायव्हर पोत्यांची तोंडं सोडून वारा लागू देत होता. माझी रजा गेली आणि विमानाचं तिकीट गेलं, त्याचं किती गेलं ते विचारवलं नाही.

सॅक पाठीवर: आम्ही किन्नौरमधल्या काफनूहून भाबा पास करून मुदला उतरलो, जुलै अखेर. काफनूच्या बाजूला तीन दिवस बूट वाळले नाहीत, नुसती हिरवळ, धुकं आणि मेंढ्या. पास ४९०० मीटरच्या आसपास, वर बर्फ. पलीकडे उतरलो तर डोंगर तपकिरी, जांभळट, हिरवं नावाला. ओले मोजे सॅकला बांधले होते ते तासाभरात पापडासारखे कडक!! पर्जन्यछाया शाळेत पाठ केली होती, कळली त्या दिवशी.

दोन पोरांची आई: आम्हाला शाळेमुळे मे शिवाय पर्याय नाही. मनालीकडून स्पितीत यायचा कुंझुम पास बंद होता म्हणून किन्नौरनंच गेलो नि तसेच आलो. लांब पडतं, पण कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत उंची हळूहळू चढते, पोरांना विरळ हवेचा त्रास झाला नाही. मुदला शेतं मातकट होती अजून, फोटोतलं हिरवं गाव बघायचं असेल तर मे मधे जाऊ नका.

बुलेटवाला: मनालीकडून जाणाऱ्यांनो, २०२० ला अटल बोगदा झाला म्हणून रोहतांग टळतो, कुंझुम नाही टळत. आणि कुंझुमच्या अलीकडचा ग्राम्फू ते बातल टप्पा म्हणजे रस्ता कमी, नदीचं पात्र जास्त. पाऊस नसला तरी ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं, सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी सायलेन्सर बुडवतो. मी तीन वाजता पोचलो, मधोमध गाडी बंद. ढकलून बाहेर काढेपर्यंत गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत कळेना. पहाटे निघा, बाकी काही ऐकू नका माझं. जुलै २०२३ मधे तर तिथल्या चंद्रताल तलावापाशी बर्फ पडून लोक अडकले होते, जुलैत!

घरकोंबडा: पावसाळ्यात पहाडात जायचंच कशाला? किन्नौरमधल्या निगुलसरीला ऑगस्ट २०२१ मधे बसवर दरड पडली ते विसरलात का?

धागाकर्ता: नाही विसरलो. म्हणून आता जुलै-ऑगस्टला विचारणाऱ्याला आधी विचारतो, मागे-पुढे तीन दिवस जास्तीचे आहेत का? नसतील तर सरळ नाही म्हणतो.

कोकणी माणूस: सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, वाद नको. नाले बारीक, दरडी कमी. अडचण एकच, गणपती. आई म्हणाली विसर्जन होईस्तोवर घरातून हलायचं नाही, म्हणून त्यानंतरच निघालो. सकाळी बादलीत बर्फाची पातळ साय धरलेली. मटार संपलेले, घराघरावर जनावरांच्या चाऱ्याच्या पेंढ्या रचणं चालू. घरं आपल्या देशावरच्या धाब्याच्या घरांसारखी, सपाट मातीचं छप्पर. होमस्टेच्या ताई म्हणाल्या आम्हाला पाऊस नकोच, छत गळतं, बर्फ भरपूर पडू दे, शेताला पाणी त्याचंच. मी सांगितलं आमच्याकडे चार महिने कोसळतो. त्यांचा विश्वासच बसेना. 'रोज़? तो छत का क्या करते हो आप लोग?' मग मी हातवारे करून कौलं म्हणजे काय ते समजावत बसलो, चहा पार गार झाला.