पावसाआधी यूपीएस घ्यायचाय, आपापले अनुभव सांगा

पाऊस लागला की आमच्याकडे फोंड्यात माडाची झावळी तारेवर पडते आणि वीज जाते. परवा वर्षभराचा हिशेब लिहिता लिहिता संगणक बंद पडला. म्हणून यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ बॅटरीवर चालू ठेवणारा डबा, घ्यायचाय. दुकानदार ६०० व्हीए, १००० व्हीए (यूपीएसच्या ताकदीचं माप) म्हणतो, पण मला वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय.

डिचोलीहून : ताई, व्हीए नको, वॅट विचारा. माझ्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर मागे ३६० वॅट छापलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. ग्राफिक्स कार्डवाला संगणक व्हिडिओ करताना ४०० च्या वर ओढायचा. वीज गेली की यूपीएस एक लांब शिट्टी मारून बंद. आता त्याच यूपीएसवर मुलीचा साधा संगणक आहे, शंभर-सव्वाशे वॅटचा. पंधरा मिनिटं आरामात मिळतात, तेवढ्यात काम सेव्ह करून बंद करायचं.

मडगावहून : घरात इन्व्हर्टर असला तरी बघून घ्या. वीज गेल्यावर त्याला भार घ्यायला क्षणभर लागतो. पंख्याला ते कळत नाही, संगणक मात्र रिस्टार्ट होतो. आमच्याला मागे यूपीएस मोडचं बटण निघालं, ते दाबल्यापासून त्रास नाही.

वास्कोहून : बॅटरीची काळजी घ्या, कळकळीने सांगतो. आतली १२ व्होल्ट, ७ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची शिशाची बॅटरी माझी दोन वर्षांतच फुगली. यूपीएस कपाटामागे कोंडला होता, वाराच लागत नव्हता. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं आणि आपल्याकडचा उकाडा तुम्ही जाणताच. फुगलेली ती डब्यातून निघेना. नवी घेताना जुनी दिली, थोडे पैसे कमी झाले.

काणकोणहून : गावच्या घरी यूपीएस चार महिने बंद ठेवला, चवथीला गेलो तर बॅटरी मेलेली. अधूनमधून चार्ज करायला हवी होती.

साखळीहून : गडगडाट सुरू झाला की पिन काढाच, नेटची केबलसुद्धा. माझ्या संगणकाचा मदरबोर्ड (मुख्य सर्किट) यूपीएस असूनही गेला, आकाशातली वीज नेटच्या केबलमधून आली. घराचं अर्थिंगही तपासून घ्या.

पेडण्याहून : लॅपटॉप असेल तर फक्त राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो.

पुन्हा फोंड्याहून : सगळ्यांचे मनापासून आभार. मीटर लावून मोजलं, मॉनिटर धरून ११० वॅट. म्हणजे ६०० व्हीए पुरे. लेझर प्रिंटर त्यावर लावणार नाही, तापताना तो फार ओढतो.