शीघ्र हस्तक्षेपाचा अभ्यास कुठून सुरू करावा?

प्रश्न
नमस्कार. मी फिजिओथेरपीची पदवीधर आहे. उशिरा मान धरणाऱ्या, उशिरा बसणाऱ्या वा बोलणाऱ्या बालकांसाठी पहिल्या तीन वर्षांत जे काम केले जाते, त्याचा मला रीतसर अभ्यास करायचा आहे. अभ्यासक्रम कोणता निवडावा आणि आधी काय पाहून ठेवावे?

उत्तर १ (विशेष शिक्षिका)
सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचा शीघ्र हस्तक्षेपातील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आधी पाहावा. अन्यत्र प्रवेश घेताना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता तपासून घ्यावी.

मात्र त्याआधी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात परवानगी घेऊन काही दिवस बसावे, असा माझा आग्रह आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि विकासात मागे वाटणारी मुले या केंद्राकडे पाठवतात. तिथे मूल आठवड्यातून जेमतेम पाऊण तास आपल्या हाती असते. उरलेला सगळा वेळ ते घरी असते. म्हणून शिकायचे ते मुख्यतः आईसोबत काम करणे. माझ्याकडे येणारी एक आई शेतमजुरी करत असे. वेगळा व्यायाम घेण्यास तिला सवड नव्हती. तेव्हा भाकरी थापताना मुलीला भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून बसवायचे आणि वाटी हाताच्या किंचित पलीकडे ठेवायची, एवढेच ठरवले. वाटीसाठी वाकता वाकता मुलगी तोल सावरायला शिकली.

उत्तर २ (पालक)
आमचा मुलगा ३२ आठवड्यांचा असताना, म्हणजे आठ आठवडे आधी जन्मला. अशा बालकाचा विकास पहिली दोन वर्षे तेवढे आठवडे वजा करून मोजतात, हे आम्हांला फार उशिरा कळले आणि तोवर आम्ही उगाच धास्तावलो होतो. पुढे तो बोलेना, तेव्हा मात्र एका डॉक्टरांनी ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे सांगून आम्हांला परत पाठवले. श्रवणचाचणी वर्षभराने झाली आणि दोष कानांत निघाला. बोलणे लांबले की आधी कान तपासावेत, हे कृपया पक्के शिकून घ्या.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. केंद्रात बसण्याच्या परवानगीसाठी सोमवारी जिल्हा रुग्णालयात अर्ज देते.