कॅमेऱ्यापेक्षा कोरा कागद

ऑनलाइन वर्गात कॅमेरा सक्तीने चालू ठेवला की मुलं लक्ष देतात, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. चेहरा दिसतो, डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. सातवीला ऑनलाइन विज्ञान शिकवताना मी दर दहा मिनिटांनी थांबते आणि वही मिटून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायला सांगते. कुणाचं कुठे अडलंय ते तिथेच कळतं.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात (विद्यार्थी कॉलेजचे होते) उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४२ टक्के आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पहिली-दुसरीला मात्र तोंडी सांगू द्यावं, तेही चार-पाच जणांच्या गटात. तीस चिमुकल्यांच्या कॉलवर कुणाचाच आवाज पोचत नाही.