शब्दचर्चा: आयोग नेमतात, स्थापतात की बसवतात? (आणि 'इनइक्विटी'ला मराठीत काय म्हणायचं)

अर्धविराम:
मंडळी, मदत हवीय. एका अहवालाचं भाषांतर करतेय, त्यातलं एकच वाक्य कालपासून घशात अडकलंय. साधारण आशय असा की अल्पसंख्याक समाजांना ज्या इनइक्विटीज फेस कराव्या लागतात त्या अ‍ॅड्रेस करायला सरकारने कमिशन क्रिएट करावं. पहिल्या झटक्यात मी लिहून बसले, 'अल्पसंख्याक समुदायांना सामोरे जावे लागणाऱ्या असमानतांना संबोधित करण्यासाठी शासकीय आयोगाची निर्मिती'. मोठ्याने वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. संबोधित सभेला करतात ना हो? आणि आयोगाची 'निर्मिती' म्हटलं की वाटतं कारखान्यातनं बाहेर पडला.

निवृत्त_कारकून:
ताई, बसवतात ती समिती आणि चौकशी. आयोग बसवत नाहीत, नेमतात किंवा स्थापन करतात, आणि या दोघांत फरक आहे. एखादी घटना घडली, निवृत्त न्यायमूर्ती आणले, मुदत दिली, की तो 'नेमलेला' आयोग, 1952 च्या चौकशी आयोग अधिनियमाखाली येतो तो हाच, काम संपलं की आयोगही संपला. पण कायम चालणारं, स्वतःचं ऑफिस, अध्यक्ष, सदस्य, शिपाई असलेलं असेल तर 'स्थापन केला'. आमच्या फायलींत सर्रास 'गठीत' असायचं, ते हिंदीतून आलं, अधिनियमांच्या मराठीत 'घटित' असतं. मी आयुष्यभर दोन्ही टाइप केलं, कुणी हटकलं नाही.

अर्धविराम:
मग ठरावाने झालेला असेल तर?

निवृत्त_कारकून:
तिथेच तर गोम आहे. केंद्रात 1978 मध्ये अल्पसंख्याक आयोग आला तो गृहमंत्रालयाच्या ठरावाने. मग 1992 चा कायदा झाला आणि 1993 मध्ये तो 'राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग' म्हणून कायद्याखाली उभा राहिला. त्याला 'वैधानिक' म्हणायचं. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि मागासवर्ग यांचे आयोग मात्र खुद्द संविधानात आहेत, कलम 338, 338 क, 338 ख, म्हणून ते 'घटनात्मक'. पेपरवाले वैधानिक, संवैधानिक, घटनात्मक सगळं एकाच चमच्याने वाढतात. ठरावाचा असेल तर ठरावाने जातो, नियोजन आयोग 1950 ला ठरावानेच आला होता आणि 2015 ला नीती आयोगाला जागा देऊन गेला. कायद्याचा असेल तर कायदा रद्द करावा लागतो आणि घटनेतला हलवायचा तर घटनादुरुस्ती. तेव्हा तुमच्या मूळ मजकुरात तो कशाने येणारे ते आधी बघा, क्रियापद नंतर.

चहाबिस्कीट:
आमच्या गल्लीत कमिशन म्हणजे दलाली. 'सरकारने अल्पसंख्याकांसाठी कमिशन ठेवलं' असं लिहू नका म्हणजे झालं 😀

बाय द वे, तो शब्द अल्पसंख्यांक आहे ना? अनुस्वार राहिलाय तुमचा.

षष्ठी_तत्पुरुष:
नाही राहिलेला! हा माझा आवडता विषय, त्यामुळे लांबण लावणार, माफी असावी. इथे 'अंक' नाहीच. अल्प आहे संख्या ज्याची, हा बहुव्रीहि, त्याला शेवटी 'क' लागला, अल्पसंख्या + क = अल्पसंख्याक. संख्यांक, क्रमांक, दिनांक यांच्या संगतीने बिचाऱ्याच्या डोक्यावर टिंब आलं. गंमत अशी की हिंदीवाले 'अल्पसंख्यक' लिहितात आणि आपण त्यांना चूक म्हणतो, पण पाणिनीचं सूत्रच आहे 'आपोऽन्यतरस्याम्', म्हणजे या 'क'च्या आधीचा आ ऱ्हस्व केला तरी चालतो, नाही केला तरी चालतो. त्यांनी ऱ्हस्व उचलला, आपण दीर्घ ठेवला, दोघंही पास. नापास फक्त टिंबवाले.

आणि आयोग नि आयुक्त एकाच घरातले, आ + युज्. एकटा असेल तर आयुक्त, चारचौघं बसले की आयोग.

काजवा:
षष्ठीसाहेब, एकट्यावरून आठवलं. मी बेळगावचा, घरात मराठी, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक. आमच्यासाठी घटनेत आयोग नाही, 350 ख खाली एक विशेष अधिकारी आहे, 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आलेला, त्यालाच भाषिक अल्पसंख्याक आयुक्त म्हणतात. त्याने माहिती घ्यायची आणि राष्ट्रपतींना कळवायचं, संपलं.

पण माझा मुद्दा वेगळाय. अर्धविराम ताई, 'सामोरे जावे लागणाऱ्या' नको. सामोरं जायला माणूस आपण होऊन उठतो, पाहुण्याला सामोरं जातो, संकटाला जातो. माझी आई घरपट्टीची नोटीस आली की चष्मा लावते, दोन मिनिटं नुसती कागदाकडे बघते आणि मग शेजारच्या पोराला हाक मारते, कारण सगळं कानडीत. साठ वर्षं त्याच गावात राहून. ती कशाला सामोरी वगैरे जात नाही, ते तिच्या वाट्याला आलंय. 'वाट्याला येणारी' लिहा. वाटा म्हटलं की वाटप आलं आणि वाटप म्हटलं की कुणीतरी वाटणारा आला, तो शब्दात दिसला पाहिजे.

आणि 'अल्पसंख्याकांच्या समस्या' तर अजिबात लिहू नका, सगळे लिहितात. त्यात समस्या म्हणजे आम्हीच, असं वाचताना वाटतं.

अर्धविराम:
हे पटलं. वाट्याला येणारी... काय? असमानता, विषमता, अन्याय?

षष्ठी_तत्पुरुष:
असमानता फार सपाट आहे. दोन खांब असमान असू शकतात, त्यात कुणाचा दोष नाही. इनइक्विटी म्हणजे न्यायाने व्हायला नको होता असा फरक. इक्विटीला कायद्याच्या मराठीत 'समन्याय' आहे आणि तो जिवंत शब्द आहे, 'समन्यायी पाणीवाटप' जायकवाडीच्या भांडणापायी शेतकऱ्यालासुद्धा पाठ झालाय. वरच्या धरणांना आणि जायकवाडीला लिटरला लिटर सारखं द्या असं तिथे कुणी म्हणत नाही, तुटीच्या वर्षी तूट सगळ्यांनी वाटून घ्या म्हणतात. नेमका हाच अर्थ. पण उलटा शब्द करायला गेलं तर 'असमन्याय', आणि तो जिभेवर बसत नाही.

निवृत्त_कारकून:
विषमता घ्या की सरळ. स्त्रीपुरुष विषमता, आर्थिक विषमता, त्या शब्दात अन्यायाचा वास आपोआप येतो. अनेकवचन टाळा फक्त, 'विषमतांना' म्हणजे दाताखाली खडा.

चहाबिस्कीट:
एक शंका, सच्चर आयोग हा नेमलेला की स्थापलेला?

निवृत्त_कारकून:
आयोगच नव्हता तो! मुस्लिम समाजाची स्थिती तपासणारी उच्चस्तरीय समिती होती, 2005 ला नेमली, 2006 च्या नोव्हेंबरात अहवाल दिला. भाषणांत मात्र कायम 'सच्चर आयोग', कारण आयोग म्हटलं की वजन येतं. खरा आयोग होता तो रंगनाथ मिश्रांचा, धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा, त्याचं नाव फार कुणाला माहीत नाही. त्याचा अहवाल 2007 च्या मे मध्ये 'सादर' झाला आणि 2009 च्या डिसेंबरात 'पटलावर' आला. हे दोन शब्दही वेगळे बरं का, सादर सरकारला करतात, पटलावर सभागृहाच्या ठेवतात. मधली अडीच वर्षं त्या दोन शब्दांच्या मध्ये गेली.

काजवा:
आणि अल्पसंख्याक कोण, हे तर कोशात बघून कळतच नाही. घटनेच्या 29-30 मध्ये शब्द आहे, व्याख्या नाही. 1992 च्या कायद्यात व्याख्या काय, तर केंद्र सरकार अधिसूचित करील तो समाज. 1993 ला पाच झाले, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी. 27 जानेवारी 2014 ला जैन आले. म्हणजे केंद्राच्या यादीपुरता शब्दाचा अर्थ एका राजपत्राने बदलला, आदल्या दिवशी नव्हता, दुसऱ्या दिवशी होता.

अर्धविराम:
बरं, आता हे बघा: 'अल्पसंख्याक समाजांच्या वाट्याला येणारी विषमता दूर करण्यासाठी सरकारने कायद्याने आयोग स्थापन करावा.' ('कायद्याने' मूळ मजकुरात आहे, मीच आधी गाळलं होतं.)

षष्ठी_तत्पुरुष:
छान. एकच खुसपट, 'दूर करण्यासाठी' मध्ये आयोगाला नसलेला अधिकार दिलात. चौकशी करताना दिवाणी न्यायालयासारखे साक्षीला बोलवायचे वगैरे अधिकार मिळतात, पण शेवटी हातात शिफारसच.

अर्धविराम:
मूळ मजकूरवाल्यालाही तेवढाच भरवसा दिसतोय, मी कशाला कमी करू? ठेवते.

षष्ठी_तत्पुरुष:
ठेवा. जाता जाता, 'अहवाल' हा अरबी, 'हाल'चं अनेकवचन. हाल म्हणजे तिकडे नुसती स्थिती, मराठीत येईपर्यंत तिचे हाल झाले.

काजवा:
आईला सांगतो. म्हणेल, माझे तर एकवचनीच आहेत.