मागच्या एक्सलचे सील आणि ब्रेक लायनर घरी बदलावेत का?

प्रश्न (मालक-चालक, कराड)

माझा जुना सहाचाकी, एअर ब्रेकचा ट्रक उसाच्या हंगामात कारखान्याच्या फेऱ्या करतो. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम उजव्यापेक्षा जास्त तापतो आणि टायरच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसतात. गेल्या वर्षी याच चाकाचे सील (तेल बाहेर येऊ न देणारे रबरी कडे) एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते, तरी गळती पुन्हा सुरू झाली आहे. घरासमोर पक्का कोबा आहे. मोठा जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आणि पान्हे आहेत. हे काम स्वतः करावे का, आणि काय सांभाळावे?

उत्तर (निवृत्त कारागीर, एस. टी. कार्यशाळा)

काम घरी होण्यासारखे आहे. मात्र वर्षभरात सील दुसऱ्यांदा गेले असेल, तर दोष केवळ सीलमध्ये शोधू नका. प्रथम हौजिंगवरचा (एक्सलच्या कवचावरचा) ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी छोटी टोपी, काढून पाहा. गाडी चालताना तेल तापते, आतली हवा फुगते, आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर तो दाब तेलाला सीलच्या ओठावरून बाहेर ढकलतो. त्यानंतर सील जिथे घासते त्या कॉलरवरून नख फिरवा. नख अडले तर तिथे खाच पडली आहे, आणि नवे सीलही गळेल.

हब (चाक ज्यावर बसते तो फिरता भाग) बसवताना तो हाताने फिरवत नट आवळावा आणि मग तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत सांगितला असेल तेवढाच मागे सोडून लॉक करावा, कारण टेपर बेअरिंग अंदाजाने घट्ट केले तर ते तापून जळते. तेल प्यालेले लायनर (ड्रमला घासणारा ब्रेक शूवरचा थर) पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नका. ब्रेक तापला की मुरलेले तेल वर येते. लायनर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढेल. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

उत्तर (ताफ्याची देखभाल पाहणारा)

वरील सर्व मान्य, पण माझी खरी काळजी ब्रेक चेंबरची, म्हणजे हवेच्या दाबावर ब्रेक चालवणाऱ्या डब्याची आहे. ज्याला आपण बूस्टर म्हणतो, त्याच्या मागच्या भागात पार्किंग ब्रेकची दाबलेली स्प्रिंग असते. टाकीतल्या हवेच्या भरवशावर ब्रेक मोकळा ठेवून शूमध्ये हात घालू नका. हवा उतरली की तीच स्प्रिंग ब्रेक लावते. आधी केजिंग बोल्ट (स्प्रिंग दाबून धरणारा लांब बोल्ट) घालून स्प्रिंग बांधून घ्या, आणि त्या भागाचा क्लॅम्प घरी कधीही उघडू नका, कारण सुटलेल्या स्प्रिंगने माणसाचा जीव जाऊ शकतो. स्प्रिंग बांधली की पार्किंग ब्रेकही राहत नाही, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे हवेतच, आणि वजन जॅकवर नव्हे, घोड्यांवर असावे. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो. ड्रम आतून घासायला लेथवर देण्यापूर्वी तो पाहा, व्यास त्यापुढे जाता कामा नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ब्रीदरची टोपी वाळलेल्या मातीने पूर्ण भरलेली निघाली. सुईने टोकरली तेव्हा आतून हवा सुटल्याचा आवाज आला. कॉलर गुळगुळीत आहे. केजिंग बोल्ट आणल्याशिवाय चाक खोलणार नाही, आणि शू मागे ओढणारी परतीची स्प्रिंग व एस-कॅमचे (शू फाकवणाऱ्या दांड्याचे) बुश ढिले आहेत का तेही त्याच वेळी पाहीन, कारण ड्रम तापण्याचे मूळ तिथेही असू शकते.