मदत हवी आहे: ‘पेरिप्लस’मधल्या ‘ख्रूसोस’ला मराठीत काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

सातवाहनकाळातल्या सागरी व्यापारावर लेख लिहितेय. त्यासाठी ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ वाचणं चालू आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीकमध्ये लिहिलेली ही व्यापाऱ्यांसाठीची माहितीपुस्तिका. भडोच, कल्याण, पैठण, तेर सगळी त्यात आहेत, म्हणून मराठीत जे उतरेल ते नेमकं असावं असं फार वाटतं. इंग्रजी भाषांतर समोर ठेवून मूळ ग्रीक शब्द कोशात बघत जाते. अडलंय ते सोन्यापाशी.

सोन्याला प्राचीन ग्रीकमध्ये ‘ख्रूसोस’. शब्द मूळचा सेमिटिक भाषांमधला (मेसोपोटेमियातल्या प्राचीन अक्कादी भाषेत ‘हुरासु’), आणि होमरच्याही कितीतरी आधीच्या मायसीनियन (ग्रीसमधल्या कांस्ययुगीन संस्कृतीच्या) मातीच्या पाट्यांवर तो ‘कु-रु-सो’ असा सापडतो. इथवर ठीक. पण पेरिप्लसमध्ये तो तऱ्हेतऱ्हेने येतो. ३६व्या परिच्छेदात इराणी आखाताकडून भडोचला जाणाऱ्या मालात मोती, दारू, खजूर, गुलाम यांच्या जोडीला नुसतं ‘ख्रूसोस’. ४९व्यात भडोचच्या आयातीत ‘देनारिऑन ख्रूसून’, म्हणजे सोन्याचा देनार (रोमन नाणं). चांदीचाही आहे, आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यात थोडा नफा होतो असंही लेखक सांगतो. ६३व्यात गंगेच्या परिसरात सोन्याच्या खाणी असल्याची ऐकीव माहिती, ‘काल्तिस’ नावाचं सोन्याचं नाणं आणि पूर्वेच्या समुद्रात ‘ख्रूसे’ नावाचं बेट!

तर जाणकारांनी कृपया सांगावं:

३६व्यातलं सोनं म्हणजे लगडी समजायच्या की नाणीही त्यात धरायची?

‘ख्रूसे’ला सरळ ‘सुवर्णभूमी’ म्हटलं तर चालेल? जातककथांमुळे तो शब्द आपल्या वाचकाला लगेच कळेल, पण मूळ लेखकाच्या तोंडी आपला शब्द घातल्यासारखं होईल का?

आणि भडोचच्याच यादीत ‘ख्रूसोलिथॉस’ आहे, शब्दशः सोनेरी दगड. इंग्रजीत कुणी टोपाझ (पुष्कराज) म्हणतं, कुणी पेरिडॉट (एक हिरवट खडा). पुष्कराज लिहू का?

---

प्रतिसाद:

प्रश्न छान मांडलेत. ३६साठी ‘सोनं’ एवढंच लिहा. नाणं म्हणायचं असतं तेव्हा हा लेखक ‘देनारिऑन’ किंवा ‘नोमिस्मा’ असं स्पष्ट म्हणतो, त्यामुळे नुसत्या शब्दाला धातू मानणं सयुक्तिक. लगडी होत्या की दागिने मोडून आलेलं सोनं होतं, ते मजकुरात नाही. तुम्हीही घालू नका.

‘ख्रूसे’ हे ‘सोन्याचा’ या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप. मजकुरात ‘ख्रूसे’च ठेवा आणि सुवर्णभूमीचा उल्लेख तळटीपेत करा. ग्रीक भूगोलकार टॉलेमी पुढे ‘ख्रूसे खेर्सोनेसोस’, म्हणजे सोनेरी द्वीपकल्प, म्हणतो. ते मलाय द्वीपकल्प असं सहसा मानतात. तळटीपेत तेही येऊ द्या.

खड्याचं जरा किचकट आहे. प्राचीन ‘तोपाझोस’ म्हणजे तांबड्या समुद्रातल्या बेटावरचा हिरवट खडा, बहुतेक आजचं पेरिडॉट. आणि ‘ख्रूसोलिथॉस’ बऱ्याचदा आजचा टोपाझ ठरतो. नावांची अशी अदलाबदल झाल्यामुळेच भाषांतरकारांत एकमत नाही. पुष्कराज म्हटलं की आपल्याकडे लगेच नवग्रहांची अंगठी आठवते. त्यापेक्षा ‘सोनेरी खडा (ख्रूसोलिथॉस)’ लिहा. लेख इथे टाकाल ना?